पाना कुठे थांबवायचा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची २००६ सालची स्प्लेंडर प्लस घरात उभी आहे, मीटरवर ऐंशी हजार झालेत, चार गॅरेजवाल्यांनी चार वेगळे रोग सांगितले, म्हणून आता सगळं स्वतःच्या हातानं करायचं ठरवलंयस. पाने कोणते घ्यायचे, सुरुवात कुठून करायची, यात पैसे वाचतात का, आणि पावसात गाडी मिसिंग करते त्याचं काय करायचं.

पैशाचं आधी सांगून टाकतो. पहिल्या वर्षी वाचत नाहीत. पाने घेण्यात जातात, चुकीचे पार्ट आणण्यात जातात, आणि आपल्याच हातानं मोडलेलं दुसऱ्याकडून नीट करून घेण्यात सगळ्यात जास्त जातात. तिसऱ्या वर्षापासून वाचायला लागतात. तोवर पैशाचा हिशोब तूच सोडून दिलेला असशील.

मी कोल्हापूरचा. नोकरी कागलच्या एमआयडीसीत, म्हणजे हायवेनं रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. स्प्लेंडर १९९९ साली घेतली आणि अजून तीच चालवतो. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन नव्यानं करून घेतलंय, पीयूसी वेळच्या वेळी काढतो. इंजिन आजवर दोनदा उतरवलं. दोन्ही वेळा उतरवलं मी, चढवलंही मीच, पण बोअरचं काम, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून सारखं करणं, ते शिवाजी उद्यमनगरात, इथल्या कारखाने-वर्कशॉपच्या भागात, करून घेतलं. घरी करणाऱ्या माणसानं कुठपर्यंत जायचं, ते या एका वाक्यातच आलं म्हण.

आता माझ्या पहिल्या ऑइल बदलाची गोष्ट ऐक. त्यात मी जे शिकलो ते पुढच्या पंचवीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.

गाडी घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. रविवारची सकाळ, अंगणात पोतं अंथरलं, खाली आईची जुनी परात. इंजिनखालचा ड्रेन बोल्ट सतराच्या पान्यानं खोलला, काळं ऑइल परातीत घेतलं, बोल्ट पुसून परत लावला. तोवर सगळं बरोबर. मग मनात आलं, हायवेला गाडी पळताना हा बोल्ट गळून पडला तर? मागचं चाक तेलावर जाईल, आणि इंजिन जाम होईल ते वेगळंच. म्हणून दिला एक जास्तीचा दणका. मग आणखी एक, पायाचा जोर लावून. त्या दुसऱ्या दणक्याला पाना एकदम हलका झाला. लोण्यात सुरी फिरावी तसा बोल्ट गरगर फिरायला लागला. आटे गेले.

बोल्ट लोखंडाचा आणि इंजिनची केसिंग ॲल्युमिनियमची. दोघांची झटापट झाली की मरतं ॲल्युमिनियम. बोल्ट चांगला दिसत होता, आट्यांत चांदीच्या तारेसारखी ॲल्युमिनियमची गुंडाळी अडकली होती. ती माझ्या इंजिनची होती.

गाडी ढकलत उद्यमनगरात नेली. लेथवर एक म्हातारे मिस्त्री बसायचे. त्यांनी बोट घालून भोक चाचपलं, माझ्याकडं बघितलं नाही, विचारलं एवढंच, "पाय ठेवला होतास का पान्यावर?" मग भोक मोठं करून, नवे आटे पाडून, जाड बोल्ट बसवून दिला. तो बोल्ट अजून आहे. दर ऑइलला तो खोलताना मला ते म्हातारे आठवतात.

त्या बोल्टाला लागणारा जोर म्हणजे साधारण अडीच किलोग्रॅम-मीटर. याचा अर्थ सोपा आहे: पाव मीटर, म्हणजे पंचवीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो. दळणाचा दहा किलोचा डबा हातात धरून बघ, तेवढाच. मनगटानं आणि कोपरानं होणारं काम आहे, खांद्याचं नाही, पायाचं तर नाहीच. बोल्टाखालचा वायसर मऊ धातूचा असतो. तो दबून फट बंद करतो आणि ऑइल अडवतो. दर वेळी नवा घालावा, दहा-वीस रुपयांचं काम. वायसर जुना आणि दाबून सपाट झालेला असेल तर तेल झिरपतं, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि आटे जातात. गळती आवळून थांबवायची नसते, हे कळायला मला आख्खी केसिंग पणाला लावावी लागली.

म्हणून तू पाने कोणते घेऊ विचारतोस, तर मी आधी सांगतो की पाना कुठे थांबवायचा ते शीक. नवखा माणूस गाडी सैल ठेवून बिघडवत नाही, आवळून बिघडवतो. नीट बघशील तर ही आख्खी गाडी ढिलीवर चालते. चेनला ढील लागते, क्लचच्या लिव्हरला प्ले लागतो, ब्रेकच्या पॅडलला लागतो, रेसच्या मुठीला लागतो, टॅपेटला फट लागते. प्रत्येक ठिकाणी कंपनीनं ती मोजून दिलेली आहे. क्लच लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर, मागच्या ब्रेकच्या पॅडलला वीस ते तीस. आपल्याला मात्र सैल म्हणजे खराब असं लहानपणापासून वाटत असतं. क्लचची केबल तारेसारखी ताठ ओढली की हाताला बरं वाटतं खरं, पण आत क्लचप्लेटा पूर्ण चिकटत नाहीत, घसरत राहतात. करूळ घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही, तेव्हा लोक म्हणतात, इंजिन उतरलं. इंजिनला काही झालेलं नसतं.

पान्यांचं बोलू. पेटीवर भुलू नकोस. चाळीस पाने असलेली चकचकीत पेटी घेशील आणि त्यातले सहा वापरशील, तेही नरम निघतील. स्प्लेंडरला मुख्यतः आठ, दहा, बारा, चौदा, सतरा आणि एकोणीस लागतात. हे रिंग पाने चांगल्या कंपनीचे घे, कारण रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंनी धरतो आणि घसरला की नटाचे कोपरे खातो. दहाचा एक टी पाना, प्लगचा सोळाचा बॉक्स पाना, एक चांगली पक्कड, एक नाकाडी पक्कड, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि डायल असलेला हवेचा मीटर. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, पहिल्या वर्षी मिळाला तर उत्तम, नाही तर दहा किलोचा डबा लक्षात ठेव.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र चार वाक्यं जास्त बोलणार, कारण निम्मी पोरं इथंच रडतात. या गाडीच्या कव्हरांना जे प्लस स्क्रू आहेत ते जपानी मापाचे. आपल्याकडच्या साध्या प्लस ड्रायव्हरचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि खाच गुळगुळीत करून ठेवतं. म्हणून नीट बसणारं टोक शोध. ड्रायव्हर खाचेत सरळ उभा धर, वरून हातोडीचे दोन टोले दे, बेतानं. गंजानं धरलेला आटा त्या टोल्यानं सुटतो. मग सगळं वजन ड्रायव्हरवर टाकून फिरव. दाबायचं तीन भाग, फिरवायचं एक भाग. तरीही ऐकत नसेल तर उद्या बघ. आज रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव. गाडीच्या कामात "उद्या" हे फार उपयोगी अवजार आहे.

सुरुवात कुठून? इंजिनपासून नाही. सुरुवात चेनपासून. सगळ्यात जास्त दुर्लक्षित, सगळ्यात जास्त आवाज करणारी, आणि चुकलं तर परत नीट करता येणारी वस्तू.

तुझ्या गाडीला पूर्ण चेनकव्हर आहे, म्हणून चेन दिसत नाही, म्हणून कुणी बघत नाही. कव्हरला मधोमध रबरी बूच असतं. गाडी डबल स्टँडवर घे, न्यूट्रल कर, इंजिन बंद. हे "इंजिन बंद" मी दोनदा म्हणतो. इंजिन बंद. गिअर टाकून चाक फिरत ठेवायचं आणि फडक्यानं चेन पुसायची, ही पद्धत मी बघितलेली आहे, आणि ओळखीतल्या एका माणसाच्या बोटाचं पहिलं पेर त्यात गेलेलंही बघितलं आहे. चाक हातानं फिरवायचं. बूच काढून चेन बोटानं खाली-वर करून बघ. साधारण दोन-अडीच सेंटीमीटर हलली पाहिजे. मग चाक थोडं फिरव, परत बघ. आठ-दहा ठिकाणी बघ. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, कुठंतरी एका जागी ती जास्त ताठ लागते. माप त्या ताठ जागी घ्यायचं. सैल जागी माप घेऊन आवळलीस, तर ताठ जागी ती गिटारची तार होते.

आणि स्टँडवर बरोबर वाटलेली चेन, मागं माणूस बसला की आणखी ताणते. चाक वर-खाली होताना स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) ज्या बिंदूभोवती फिरतो आणि पुढचं स्पॉकेट (चेनचं दातेरी चाक) ज्या बिंदूभोवती फिरतं, ते दोन बिंदू वेगळे आहेत. त्यामुळं चेनला ढील दिलेली असते ती या हालचालीसाठी. ती तू खाऊन टाकलीस की खड्ड्यात मार बसतो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर. आधी तिथलं ऑइल सील गळतं. लोक सील बदलतात, चेन तशीच ठेवतात, सील परत गळतं, आणि मग "डुप्लिकेट सील टाकलं" म्हणून गॅरेजवाल्याशी भांडतात.

चेन ओढायची तर आधी मागच्या ॲक्सलचा नट सैल, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरव, अर्धा फेरा इकडं तर अर्धा तिकडं. खुणा दोन्हीकडं सारख्या आल्या पाहिजेत. तेवढ्यावर न थांबता मागं बसून एक डोळा मिटून बघ, चेन स्पॉकेटवर सरळ जाते का. ॲक्सल आवळल्यावर परत एकदा ढील मोज, कारण आवळताना चाक किंचित सरकतं. आता महत्त्वाचं, जे नवखे हमखास विसरतात: चाक मागं सरकलं म्हणजे ब्रेकचा रॉडही ताणला गेला. चाक हातानं फिरवून बघ, ब्रेकशू घासतायत का. पॅडलचा प्ले परत लाव, ब्रेकलाइटही वेळेवर लागतो का बघ. मी एकदा हे न बघता गगनबावड्याला निघालो होतो. वाटेतल्या कळे गावापर्यंत ड्रम एवढा तापला की वास यायला लागला. रस्त्याकडंला अर्धा तास बसलो. ड्रमवर पाणी मारायचं मनात आलं होतं, सुदैवानं बाटली रिकामी होती.

चेनला ऑइल म्हणजे नव्वद नंबरचं गिअर ऑइल. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल घालू नकोस, त्यात इंजिनची सगळी घाण असते, म्हणजे चेनला तू पॉलिश पेपर लावतोयस. आमच्याकडं ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरावर आणतात, दुपारपर्यंत त्याची धूळ होते, आणि ती चेनमध्ये शिरते. त्या दिवसांत मी दर पंधरवड्याला चेन डिझेलनं धुतो. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रॉकेल दिसतच नाही. चेनचं लॉक काढलंस तर परत घालताना त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला आलं पाहिजे, उघडं तोंड मागं. उलटं घातलंस तर कशाला तरी अडकून निघेल. चेन संपली का हे बघायचं तर मागच्या स्पॉकेटच्या मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढ. अर्धा दात उघडा पडला तर संपली. मग चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकदम बदलायची, कंजुषी करून एकटी चेन नाही.

बाकीचं झटपट. इंजिन ऑइल मी अडीच हजार किलोमीटरला बदलतो, मॅन्युअलमधली मुदत याहून मोठी आहे, पण माझं मन मानत नाही आणि ऑइल स्वस्त आहे. डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं हवं. कारण तुझ्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला आहे, आणि कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. लेव्हल बघताना गाडी डबल स्टँडवर, आणि डिपस्टिक फक्त टेकवायची, आट्यात फिरवायची नाही. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि क्लचसोबत फिरून घाण बाजूला फेकणारा एक फिल्टर आहे. ते साफ करायचं तर उजव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. पहिल्या वर्षी ते कुणाकडून तरी करून घे आणि शेजारी उभं राहून बघ. जळकं ऑइल गटारात ओतू नकोस, डब्यात साठवून गॅरेजला दे, त्यांच्याकडून ते नेणारे असतात.

हवा दर आठवड्याला, सकाळी, टायर थंड असताना. पुढं २५ पीएसआय, मागं एकटा असशील तर २८, डबलसीटला मागं त्याहून बरीच जास्त, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आहे. पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवू नकोस असं मी म्हणत नाही, पण स्वतःचा मीटर घे. पंक्चर मी स्वतः काढत नाही. येतं, पण काढत नाही. चौकातल्या माणसाचा हात दहा मिनिटांत जे करतो त्याला मला तास लागतो आणि वर ट्यूबला लिव्हरचा चिमटा बसतो. लांब जाताना फक्त ट्यूब सोबत ठेवतो.

आता तुझं पावसातलं मिसिंग. इथं घाई करून कार्बोरेटर उघडू नकोस, सगळे तेच करतात. पावसात बिघडते आणि कोरड्यात चालते म्हणजे पहिला संशय करंटावर. रात्री अंधारात गाडी चालू कर, झाडाला पाणी मारायच्या बाटलीनं प्लगच्या टोपीवर आणि कॉइलपर्यंतच्या जाड वायरवर बारीक फवारा मार, आणि लांबून बघ. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर रोग सापडला. हात लावू नकोस, झटका बसतो. इतक्या जुन्या टोपीचं रबर कडक होऊन चिरलेलं असणार. टोपी वायरीवर आट्यानं बसते. फिरवून काढ, वायरीचं टोक अर्धा सेंटीमीटर काप म्हणजे आत चकचकीत तांबं दिसेल, नवी टोपी फिरवून बसव. शंभर-दीडशेच्या आत काम होतं. माझा अंदाज, तुझ्या चार गॅरेजवाल्यांपैकी एकानंही हे बघितलं नसेल, कारण त्यांच्याकडं गाडी येते ती ऊन पडल्यावर.

टोपी नवी घालूनही राहिलं, तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घे. सिगारेट-उदबत्ती लांब. बाटली दहा मिनिटं ठेव. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. आमच्या जिल्ह्यात बोलायची सोय नाही, इथेनॉल आमच्याच उसाचं. पण जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीनं महिनाभर एका जागी उभं राहू नये, हे आता पूर्वीपेक्षा जास्त खरं आहे. उभी ठेवायचीच असेल तर पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी कर. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं, त्यांना हा परिच्छेद लागू नाही. चेनचा मात्र शब्दन् शब्द लागू आहे.

प्लग काढलाच आहेस तर त्याचा रंग बघ. भाजलेल्या विटेसारखा तांबूस-तपकिरी असेल तर आत सगळं क्षेम. काजळीसारखा कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून गाडी तापतेय. काळा, ओला, बोटाला तेलकट लागणारा असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. मग रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, आणि ते तुझं काम नव्हे. फट फीलर गेजनं बघ, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

आणि प्लग परत बसवताना पान्यानं सुरुवात करायची नाही. ही युक्ती मला त्या लेथवाल्या मिस्त्रींनीच दाखवली. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घे, प्लगच्या डोक्यावर चढव, आणि पाइप बोटांनी फिरवून प्लग भोकात घाल. आटे सरळ लागले तर प्लग लोण्यासारखा आत जातो. वाकडे लागले तर पाइपच प्लगवर घसरतो आणि फिरत राहतो, त्याच्यात जबरदस्ती करायची ताकदच नसते. हेड वाचतं. बोटांनी जाईल तेवढा जाऊ दे, मग पाना. नवीन प्लगला साधारण अर्धा फेरा, कारण त्याचा वायसर दबायचा असतो. जुन्याच प्लगला जेमतेम टेकवल्यावर थोडासा. तो पाइपचा तुकडा माझ्या पेटीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना.

टॅपेटबद्दल सगळे विचारतात, तूही विचारशील. बारीक टिकटिक येत असेल तर येऊ दे. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. ती फट शून्य केलीस तर आवाज जातो, शेजारी म्हणतो काय मस्त गाडी लागली, आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायचा थांबतो. मग जळका गॅस त्याच्या कडेनं निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जाळतो. टिकटिक करणारं इंजिन लाखभर चालतं. मुकं केलेलं इंजिन वर्षभरात कॉम्प्रेशन सोडतं. दुसऱ्या वर्षी शीक, इंजिन पूर्ण गार असताना, फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून.

हात कुठं लावायचा नाही तेही सांगतो. क्रँक, गिअरबॉक्स, बोअर, व्हॉल्व्हची सीट. आणि पुरातून आलेली गाडी, पहिल्यांदा एकट्यानं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरपर्यंत आली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच गाड्या हँडलपर्यंत पाण्यात होत्या. पाणी उतरल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक गल्लीत एकच आवाज: किक. चालू होते का बघू. त्या किकनंच काही इंजिनं मेली, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आम्ही तिघांनी मिळून अकरा गाड्या केल्या. विमा असेल तर आधी फोटो आणि विमावाल्यांना फोन. मग बॅटरी सोडायची, प्लग काढायचा, आणि चाक गिअरमध्ये हातानं हळू फिरवून पाणी बाहेर. ऑइल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. स्वस्तातलं ऑइल घालून, दोन मिनिटं चालवून, सोडायचं. परत घालायचं, परत सोडायचं. तिसऱ्या वेळी काळ्या रंगाचं निघालं तेव्हा चांगलं ऑइल. दोन्ही ड्रम उघडून आतला गाळ ओल्या फडक्यानं पुसला. फुंकर मारायची नाही, ब्रेकशूची धूळ छातीत जाते. अकरापैकी नऊ चालल्या. उरलेल्या दोन गाड्यांच्या मालकांनी आमच्या आधी किक मारल्या होत्या.

एवढं करून घरात काय होतं, तेही तयारीत ठेव. जुने टूथब्रश गायब व्हायला लागतात आणि संशय तुझ्यावर येतो. एकदा नवाही गेला, तो मीच नेला होता. नखातलं काळं लग्नकार्यात लपवावं लागतं. पेट्रोलनं हात धुऊ नकोस, कातडी फाटते. खोबरेल तेल आणि चमचाभर साखर चोळ, मग साबण. गल्लीतला प्रत्येक जण "जरा बघा की, काय आवाज येतोय" म्हणत येईल. बघ, पण पाना लावू नकोस. एकदा लावलास की पुढं त्या गाडीला जे काही होईल ते तुझ्यामुळं. खंडेनवमीला मी पेटी रिकामी करतो, पाने डिझेलनं पुसतो, पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. सतराच्या पान्याला दोन फुलं जास्त.

तर येत्या रविवारी एवढंच कर. चेन बघ, ब्रेकचा प्ले बघ, हवा बघ, प्लगची टोपी बदल. ऑइलला अजून हात नको, आधी त्या बोल्टाचा वायसर आणून ठेव. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मागशील तर फुकटही देतील. आणि प्लग काढल्यावर पुसायच्या आधी उजेडात धरून त्याचा फोटो काढून पाठव. पुसून पाठवलास तर मला काही सांगता येणार नाही.